विलायतेत गुन्हा करू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी सूचना

पहिला धडा नाण्यांचा. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. हा हिशेब तोंडपाठ झाल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात कुणाच्याही खिशात हात घालू नये. तिथल्या कायद्याला तुमची भूक, तुमची पोरंबाळं यांत फारसा रस नाही. त्याला रस आहे ऐवजाच्या किमतीत. शतकाच्या सुरुवातीचं दरपत्रक असं: दुकानातून नजर चुकवून पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा उचलला तर फाशी. दुसऱ्याच्या खिशातून एका शिलिंगाहून जास्त काढलं तरी फाशीच. यातला खिशाचा दर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात ठरला आणि १८०८ पर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. मधल्या काळात पावापासून घरभाड्यापर्यंत सगळं महागलं. माणूस मात्र दरवर्षी थोडा थोडा स्वस्त होत गेला.

तेव्हा नियम असा: घरातली चोरी एकोणचाळीस शिलिंगांचीच करावी. अंधारात मोजायला वेळ कुठे मिळतो, अशी शंका नवशिक्यांना येते. काळजी नसावी. मोजायचं काम ज्यूरी करते. ज्यूरीत बसणारे बहुधा दुकानदार नाहीतर घरमालक, म्हणजे चोराचे हाडवैरी. पण दोन चांदीच्या चमच्यांपायी समोरच्या पोराला लटकवायची वेळ आली की त्यांचाही हात अडखळायचा. मग शपथ घेऊन बसलेले हे बारा सभ्य गृहस्थ मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवून मोकळे होत. दहा पौंडांची नोट, जिच्या अंगावरच तिची किंमत छापलेली, तिलाही एकोणचाळीस शिलिंगांचीच ठरवल्याचा दाखला दिला जातो. १८२७ मध्ये रॉबर्ट पील यांनी घरातल्या चोरीची मर्यादा पाच पौंडांवर नेली. लगेच त्याच चमच्यांची किंमत चार पौंड एकोणीस शिलिंग होऊ लागली. महागाई अशीही वाढते.

दुसरा नियम: सावज कंजूष निवडावं. सरकारतर्फे खटले चालवणारं खातं बराच काळ नव्हतंच, सरकारी अभियोक्त्याचं पद निघालं १८७९ मध्ये. तोवर ज्याच्याकडे चोरी झाली त्यानेच फिर्याद करायची, साक्षीदार जमवायचे, वकील हवा तर त्याचे पैसे भरायचे आणि धंदा सोडून कोर्टात ताटकळायचं. चाळीस शिलिंगांच्या शालीसाठी हा उपद्व्याप करणारा माणूस एकतर श्रीमंत असतो नाहीतर हट्टी. दोघांपासूनही लांब राहावं.

साल कोणतं घ्यावं

गुन्ह्यापेक्षा तारीख महत्त्वाची. मेंढी १८३१ साली चोरली तर कायद्याने फाशी, पुढच्या वर्षाअखेरीस चोरली तर ऑस्ट्रेलियाच्या जहाजाचं तिकीट. मेंढी तीच, चोर तोच.

शतकाच्या आरंभी फाशीचे गुन्हे दोनशेवर होते. त्यांतले काही वाचताना हसू येतं. १७२३ च्या एका कायद्यान्वये तोंडाला काजळ फासून, हत्यार घेऊन हरणांच्या राखीव जंगलात नुसतं सापडलं तरी फाशी होती. हरीण मारायचीही अट नाही. हा कायदा बराचसा उठला तो थेट १८२३ मध्ये. एवढी मोठी यादी असूनही प्रत्यक्षात दोर गळ्यात पडणारे थोडे. फाशी सुनावलेल्यांपैकी बहुतेकांची सजा पुढे बदलली जायची. १८२३ नंतर तर खून आणि राजद्रोह वगळता न्यायाधीशाला फाशीची सजा तोंडाने न उच्चारता नुसती वहीत टिपून ठेवायची मुभा मिळाली. वहीत मेलेली शेकडो माणसं प्रत्यक्षात सिडनीत विटा भाजत होती.

मग एवढी मोठी यादी ठेवायची कशाला? इथे होतकरूने जरा थांबून विचार करावा, कारण सगळी मेख इथेच आहे. सजा बदलून घ्यायची तर अर्ज लागतो, आणि अर्जाला जोडायला चांगल्या चालचलणुकीचं पत्र लागतं. ते पत्र देणार कोण? गावचा जमीनदार, पाद्री, जुना मालक. म्हणजे तुम्हाला मारायचा हक्क कायद्याचा, वाचवायचा हक्क वाड्यावरच्या मंडळींचा. वर्षभर त्यांच्यासमोर टोपी काढून उभं राहिलेल्याला पत्र मिळतं. ज्याने मजुरीवरून हुज्जत घातली त्याला मिळत नाही. सगळ्यांना फाशी दिली असती तर ही दया दाखवायला जागा उरली नसती, आणि यादीच रद्द केली असती तर दया कुणाला लागलीच नसती. म्हणून यादी लांब आणि अंमल आखूड. मला तरी यात ढिलाई दिसत नाही, चांगली विचारपूर्वक केलेली सोय दिसते.

सर सॅम्युएल रोमिली नावाच्या एका वकिलाने ही सोय मोडायचा चंग बांधला. खिसेकापूंची फाशी त्यांनी १८०८ मध्ये रद्द करवली. परिणाम मात्र आपल्या धंद्याला घातक झाला: खटले वाढले. एका रुमालासाठी पोरगं मरेल म्हणून जे गप्प बसायचे, ते आता बेधडक फिर्याद करू लागले. रोमिलींना हेच हवं होतं. शिक्षा हलकी असावी पण चुकू नये, असं त्यांचं म्हणणं. १८१० मध्ये दुकानातल्या पाच शिलिंगांच्या चोरीची फाशी उठवायचं विधेयक त्यांनी आणलं. ते खालच्या सभागृहात पास झालं आणि लॉर्डांच्या सभागृहात पडलं. विरोधात मत देणाऱ्यांत कँटरबरीचे आर्चबिशप होते, आणखी सहा बिशप होते. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी तर हे केलं तर कुणाचीच मालमत्ता सुरक्षित राहणार नाही असा गळा काढला. (याच एलनबरोंचे चिरंजीव पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८४३ साली, महाराजपूरला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी लढाई झाली. मालमत्तेची काळजी घराण्यातच असावी.)

थोडक्यात, ज्यांना धीर धरवतो त्यांनी १८६१ पर्यंत थांबावं. त्या वर्षीच्या कायद्यांनंतर फाशीला चारच गुन्हे उरले: खून, राजद्रोह, हिंसक चाचेगिरी आणि आरमारी गोदीला आग लावणं. यांतले शेवटचे दोन जमायला समुद्रकिनारी राहावं लागतं.

एक अपवाद. पंतप्रधानाला गोळी घालायची असेल तर कुठलंही साल सारखंच, कारभार झटपट होतो. ११ मे १८१२ रोजी जॉन बेलिंगहॅम या दिवाळं निघालेल्या व्यापाऱ्याने पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना पार्लमेंटच्या लॉबीत गोळी घातली आणि पुढच्या सोमवारी, १८ मे रोजी, तो फासावर होता.

काय चोरावं

प्रेत चोरावं. हा सल्ला विचित्र वाटेल, पण शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याहून सुरक्षित धंदा नव्हता. वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी मृतदेह हवे असत आणि कायद्याने मिळत ते फक्त फाशी गेलेल्या खुन्यांचे. शाळा वाढत गेल्या, फाशीचे खुनी पुरेनात. म्हणून रात्री थडगी उकरणाऱ्यांचा वर्ग उदयाला आला. कायद्याच्या लेखी मेलेला माणूस कुणाचीच मालमत्ता नसल्याने प्रेत पळवणं ही चोरी होत नाही, फार तर किरकोळ आगळीक. कफन मात्र मालमत्ता आहे! ते नेलं तर रीतसर चोरी. त्यामुळे अनुभवी मंडळी प्रेत बाहेर काढलं की कफन उतरवून, नीट घडी घालून, परत पेटीत टाकून जात. आजोबा गेले तरी चालतील, चादर जाता कामा नये.

पुढे लंडनमध्ये १८३१ साली काहीजण थडगी उकरण्याचे कष्टही टाळू लागले आणि थेट ताजा माल तयार करून विकू लागले, तेव्हा सरकारला जाग आली. १८३२ च्या कायद्याने असं ठरलं की गरीबखान्यात किंवा दवाखान्यात मेलेल्या ज्या गरिबाचं प्रेत कुणी मागायला येणार नाही, ते शाळेला द्यावं. आधी जी खुन्याची शिक्षा होती ती आता गरिबीची झाली. थडगी उकरणाऱ्यांचा रोजगार बुडाला.

ज्यांना कुदळ झेपत नाही त्यांनी बँक चालवावी, पण इथेही साल बघून. हेन्री फाँटलरॉय या बँकवाल्याने खोट्या सह्या करून लोकांचे रोखे विकले आणि १८२४ मध्ये त्याला न्यूगेटच्या तुरुंगाबाहेर फाशी झाली. उलट ओव्हरएन्ड गर्नी ही बडी पेढी १८६६ मध्ये कोसळली, देणी कोटीच्या वर पौंडांची, पाठोपाठ कैक धंदे बसले. संचालकांवर १८६९ मध्ये खटला भरला आणि सगळे निर्दोष सुटले. न्यायाधीशांच्या मते त्यांच्याकडून चूक झाली होती, गुन्हा नव्हे. एकट्याने थोडं बुडवलं तर चोर, कंपनी काढून सगळं बुडवलं तर अंदाज चुकला.

आणि ज्यांना चोरी करणं कमीपणाचं वाटतं अशा खानदानी उमेदवारांसाठी द्वंद्व आहे. कायद्याने ते खुनाच्या प्रयत्नात मोडतं, पण म्हणून बिचकू नये. १८२९ साली खुद्द पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी लॉर्ड विंचिल्सींबरोबर पिस्तुलं रोखली होती. लॉर्ड कार्डिगन, ज्यांच्या नावाने आज बटणांचा स्वेटर ओळखला जातो, त्यांनी १८४० मध्ये कॅप्टन टकेट यांना गोळी घालून जखमी केलं. उमराव म्हणून खटला चालला लॉर्डांच्या सभागृहात, म्हणजे न्यायाला बसलेले सगळे भाऊबंद. आरोपपत्रात जखमीचं नाव 'हार्वी गार्नेट फिप्स टकेट' असं लिहिलेलं. ज्याला गोळी लागली तो हार्वी टकेट होता खरा, पण मधले गार्नेट आणि फिप्स तोच, हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. एकेका लॉर्डाने उठून, छातीवर हात ठेवून, 'माझ्या अब्रूला स्मरून निर्दोष' म्हटलं आणि कार्डिगन घरी गेले. तेव्हा गोळी घालण्यापूर्वी समोरच्याला पूर्ण नाव विचारू नये.

बायकोला मारायचं असेल तर १८५३ पर्यंत खास कायदाही नव्हता. त्या वर्षी झाला, त्यात बेदम मारल्याबद्दल जास्तीत जास्त सहा महिने. मेंढी याहून महाग होती.

काही न करता होणारे गुन्हे

आळशी उमेदवारांसाठी १८२४ चा भटक्यांचा कायदा आहे. नेपोलियनशी लढून परत आलेले सैनिक बेकार होऊन रस्त्यांवर झोपू लागले, त्यांच्या स्वागतासाठी जे केलं त्यात हा एक. उघड्यावर किंवा कुणाच्या गोठ्यात झोपलात आणि पोटापाण्याचा दिसेल असा उद्योग सांगता आला नाही, तर झाला गुन्हा. हात पाहून भविष्य सांगणारेही त्यात आले. कायद्यात तीन इयत्ता आहेत: 'आळशी व बेशिस्त' म्हणजे एक महिना, 'लुच्चा व भटक्या' म्हणजे तीन महिने, आणि त्यातही नापास होत राहिलात की 'न सुधारणारा लुच्चा' म्हणजे वर्षभर, वर फटके. बाहेर झोपणाऱ्याला थेट दुसऱ्या इयत्तेत प्रवेश मिळतो.

शपथ घेणं हाही मार्ग आहे. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी आणखी घटू नये म्हणून संघ काढला. आठवड्याला सात शिलिंग मिळत होते, तेही सहावर यायची चिन्हं. संघ काढणं तेव्हा बेकायदा नव्हतं, मग धरायचं कशाखाली? आरमारातल्या बंडानंतर १७९७ मध्ये केलेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा कुणालातरी आठवला. सभासद होताना या सहांनी शपथ घेतली होती. १८३४ मध्ये सातसात वर्षं हद्दपारी. एवढा गदारोळ झाला, एवढे अर्ज गेले की दोन वर्षांत माफी द्यावी लागली. तोवर नांगर धरणारे हे हात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले होते.

आणि काहीच जमत नसेल तर उधारी करावी. चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ मध्ये चाळीस पौंड दहा शिलिंगांच्या बाकीपायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले. देणेकऱ्याला कोंडून ठेवायचं, म्हणजे त्याला कमावता येणार नाही, म्हणजे देणं फिटणार नाही, म्हणजे तो आतच राहील. बारा वर्षांच्या चार्ल्सने बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवून हा हिशेब शिकून घेतला आणि पुढे आयुष्यभर वसूल केला.

पकडले गेल्यास

२९ सप्टेंबर १८२९ पासून लंडनच्या रस्त्यांवर निळ्या डगल्यातले पोलीस दिसू लागतील. निळा अशासाठी की लाल डगल्यातले सैनिक पाहिले की लोक चिडायचे. फार घाबरू नये. पोलीस क्रमांक एक दारू प्यायल्याबद्दल पहिल्याच दिवशी बडतर्फ झाला.

घाबरावं ते कोर्टाला, कारण तिथे तुम्हाला बोलता येत नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाने ज्यूरीपुढे भाषण करायला परवानगी मिळाली १८३६ मध्ये. त्याआधी वकील साक्षीदारांना प्रश्न विचारू शके, तुमची बाजू मांडू शकत नसे. आणि आरोपीने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर साक्ष द्यायची सर्वसाधारण सोय झाली १८९८ मध्ये, म्हणजे शतक संपता संपता. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात बरेचसे खटले काही मिनिटांत उरकत. वय लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये. १८३३ मध्ये तिथेच नऊ वर्षांच्या एका मुलाला फुटक्या काचेतून दोन पेन्सचा रंग काढल्याबद्दल फाशीची सजा ऐकवली गेली. ती पुढे बदलली, पण ऐकताना त्या पोराला ते कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

फाशी टळली की ऑस्ट्रेलिया. सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर, असे तीन दर. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत दीड लाखावर माणसं अशी पाठवली गेली. जहाज मिळेपर्यंत वूलिच किंवा पोर्ट्समथला जुन्या, डोलकाठ्या उतरवलेल्या युद्धनौकांत साखळदंडासह मुक्काम. सात वर्षांची मुदत संपली की परत यायला मोकळीक, भाडं मात्र ज्याचं त्याने भरायचं. आपल्याला हा प्रकार अंदमानामुळे ओळखीचा आहे. फरक एवढाच की इंग्रजांनी स्वतःच्या घरची ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून १८५७ मध्ये काढली, शेवटचं जहाज १८६८ च्या जानेवारीत पर्थजवळ लागलं. आणि तीच काळ्या पाण्याची सजा १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घालून आपल्याला दिली. तिथून ती निघाली १९५५ मध्ये, ते गेल्यावर आठ वर्षांनी.

ऑस्ट्रेलिया बंद होत आली तेव्हा पेंटनव्हिल तयार होतं. १८४२ साली उघडलेला हा नमुनेदार तुरुंग, ५२० कोठड्या, एकेकात एक माणूस. कोठडीबाहेर पडताना तोंडावर मुखवट्यासारखी टोपी ओढायची, कैद्याने कैद्याचा चेहरा पाहू नये म्हणून. प्रार्थनागृहातही प्रत्येकाला लाकडी खोका, ज्यातून फक्त पाद्री दिसेल. एकांतात माणूस आपल्या पापाचा विचार करील, अशी योजकांची अपेक्षा. बरेचजण विचार करता करता भ्रमिष्ट झाले, तेव्हा एकांताची मुदत कमी करण्यात आली.

इतर तुरुंगांत व्यायामाची सोय उत्तम. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंजिनिअरने पायचक्की शोधली. मोठ्या फिरत्या दांड्यावर पायऱ्या, त्या चढत राहायच्या, चक्र खाली जात राहतं आणि तुम्ही होता तिथेच. काही ठिकाणी तिच्यावर धान्य दळलं जायचं, पुष्कळ ठिकाणी काहीच नाही, फक्त वारा. कोठडीतल्या कोठडीत करायचा असेल तर हातरहाट होता: वाळूच्या पेटीत फिरणारा दांडा, दिवसाला दहा हजार फेरे, आणि फेरे सोपे जाताहेत असं वाटलं की पहारेकरी स्क्रू आवळायचा. कोलूतून निदान तेल तरी निघायचं. इथे काही निघू नये हाच उद्देश, कारण उपयोगाचं काम केलं तर कैद्याला बरं वाटेल. १८९८ मध्ये ही दोन्ही यंत्रं कायद्याने बंद झाली. तीन वर्षं आधी ऑस्कर वाइल्ड आत गेले तेव्हा पायचक्की चालू होती.

फासावर जायचंच असेल तर

१८६८ च्या मे महिन्यापूर्वी जावं, म्हणजे प्रेक्षक मिळतात. फाशी बहुधा सोमवारी सकाळी, तुरुंगाच्या दाराबाहेर. समोरच्या घरांतल्या खिडक्या भाड्याने जात. तुमचं शेवटचं मनोगत, शक्यतो पद्यात, तुम्ही मरण्यापूर्वीच छापून तयार असे आणि पेनी-पेनीला गर्दीत विकलं जाई. तुम्ही ते बोललात की नाही हा गौण प्रश्न. १८४९ मध्ये मॅनिंग नवराबायकोला एकत्र फाशी झाली, त्यांच्या पत्रकांच्या पंचवीस लाख प्रती खपल्याचं विक्रेते सांगत. ती गर्दी पाहून डिकन्सने 'टाइम्स'ला संतापाचं पत्र लिहिलं. संताप फाशीवर कमी आणि बघ्यांच्या शिट्ट्या-गाण्यांवर जास्त होता. शेवटी कायदा झाला आणि फाशी भिंतीआड गेली.

यांपैकी काहीही जमणार नाही असं वाटत असेल, तर दोराच्या दुसऱ्या टोकालाही जागा असते. विल्यम कॅलक्राफ्ट हा मूळचा चांभार, न्यूगेटभोवतीच्या रस्त्यांवर मटणाच्या पाई विकता विकता तिथल्या फाशीवाल्याच्या ओळखीचा झाला. आधी पोरांना फटके मारायचं काम मिळालं, १८२९ मध्ये खुद्द जागा. आठवड्याला एक गिनी पगार, दर फाशीला आणखी एक गिनी, फटक्यांचे वेगळे. पंचेचाळीस वर्षं नोकरी केली, आणि दोर इतका आखूड ठेवायचा की कधी कधी खालून पाय ओढावे लागत. १८५० मध्ये तोही एकदा आरोपी म्हणून मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला. म्हातारी आई गरीबखान्यात होती आणि हा खर्चायला पैसे देत नव्हता. कोर्टाने दर आठवड्याला ठरावीक रक्कम भरायचा हुकूम केला, आणि कॅलक्राफ्ट कामावर परत गेला.